भिंतीपलीकडची टोपली

त्या दिवशी सकाळी सूर्यावर मोठा स्फोट झाला होता आणि आमच्या धंद्यात अशी बातमी आधी कुणाला कळवायची हे ठरलेलं असतं. मी अमरावतीला विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या गच्चीवर माकडांनी ओढून काढलेली अँटेनाची वायर परत बसवत होते. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात फोन, आणि तशाच अवस्थेत मी मित्राताईला मेसेज टाकला, 'पाह्यलं काय? उठला तुहा म्हातारा.' म्हातारा म्हणजे सूर्य. लगेच दोन निळ्या खुणा आल्या आणि तिच्याच नंबरवरून फोन वाजला. मी हसतच "बोल" म्हणाले. पलीकडे तिचा धाकटा भाऊ सिद्धार्थ होता. तिच्या फोनमधून तो एकेकाला कळवत होता, तेवढ्यात माझा मेसेज त्याच्यासमोर उघडला होता. "शाहीनताई, दीदी गेली ना आज सकाळी..." मेंदूतली नस फुटली, दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. चाळिशीही गाठली नव्हती तिने. मी फोन ठेवला, पक्कड उचलली आणि वायर नीट बसवली. मग ती पुन्हा सोडवली आणि पुन्हा बसवली. त्या वेळी दुसरं काय करायचं हे मला सुचत नव्हतं.

त्याला आता काही आठवडे झाले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. हा मजकूरसुद्धा मी तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे, थोडा खोलीत, थोडा दर्यापूरच्या बसमध्ये, थोडा विभागाच्या जिन्यात उभ्याने. हा गुण तिचाच. संघमित्रा, म्हणजे मित्राताई, माझ्या ओळखीच्या माणसांत सर्वांत अस्वस्थ प्राणी होती. खुर्चीवर बसली तरी तिचा पाय हलत असे. चहा ती फिरत फिरत प्यायची आणि तिच्याशी बोलायचं तर तिच्या मागे मागे चालावं लागायचं. अकोल्याची. वडील रेल्वेत होते, ते ती कॉलेजात असतानाच वारले. घरात आई, भाऊ आणि सगळ्या गल्लीला माहीत असलेली एक गोष्ट : आमची पोरगी 'अवकाशाचा' अभ्यास करते. म्हणजे नेमकं काय करते, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही.

मलाही कुठे कळलं होतं? दर्यापूरला आमच्या अब्बांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पाइप, साखळ्या. त्या दुकानातून उठून मी पीएच.डी.साठी अमरावतीला आले तेव्हा मला वाटत होतं, मोठी दुर्बीण असेल, काळोखं आकाश असेल. पहिल्याच दिवशी मित्राताईने मला चहाच्या टपरीपाशी गाठलं. ती तेव्हा विभागातली सर्वांत सीनियर, थिसिस लिहायला घेतलेली. नवीन विद्यार्थी आला की त्याला पुढे काय काय भोगायचं आहे ते सांगायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलेलं होतं. "तारे पाहाले आली असशीन तं आत्ताच्या आत्ता दर्यापूरची गाडी पकड," ती म्हणाली. "तारे त्या दुसऱ्या लोकायचे. आपल्याले आकडे. सकाळी आकडे, संध्याकाळी आकडे. लोक इचारतीन, चंद्रावर कधी जातं? नातेवाईक इचारतीन, पोराची पत्रिका पाह्यतं काय? चिडायचं नाई. सूर्य तुह्या थिसिसच्या तारखा पाहून तापत नाई, त्याची वाट पाहा लागते. वायरी माकडं नेतीन. प्रोग्राम चालन, पण उत्तर चुकीचं देईन, अन् ते तुले सहा महिन्यानं समजन. सगळे म्हणतीन, हे अजून शिकूनच राहिली काय?" मी घाबरून विचारलं, "मंग काहून करतात लोक हे?" ती चालता चालता थांबली. "काहून की एक दिवस तुले काही तरी सापडते. जे आजपर्यंत कोणालेच माईत नाई असं. फक्त तुलेच माईत हाय. त्या दिवसासाठी."

तिला तो दिवस भेटलेला होता. म्हणूनच हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.

हे सगळं वलगावच्या खोलीत सुरू झालं. अमरावतीहून दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की वलगाव येतं. तिथून पुढे एका शेताच्या कोपऱ्यात आमच्या विभागाची एक खोली आहे. आत एका खांबावर मॅग्नेटोमीटर. आपल्या डोक्यावर शंभरएक किलोमीटर उंचीवर उन्हाने विजेचे प्रवाह वाहत असतात, आणि त्यांच्यामुळे इथे जमिनीवर पृथ्वीच्या चुंबकत्वात अगदी बारीक, होकायंत्रालाही न जाणवणारे फरक पडतात. ते हे यंत्र टिपतं. सूर्य बिघडला की ती रेघ वेडीवाकडी नाचते, सूर्य शांत असला की ती सुतासारखी सरळ जाते. यंत्र इतकं हळवं की खोलीत लोखंडाचा कणही चालत नाही. दाराला पितळी बिजागऱ्या, छपराला बांबू आणि मातीचे कवेलू, खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या. आत जाणाऱ्याने किल्ल्या, फोन, पट्टा, घड्याळ, केसांचे चाप, सगळं बाहेर टोपलीत काढून ठेवायचं. बायकांच्या अंगावर किती सेफ्टी पिना असतात ते मला त्या टोपलीने शिकवलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओढणीच्या, कुडत्याच्या, पर्सच्या मिळून मूठभर पिना निघाल्या आणि मित्राताई हसून हसून बेजार झाली. "लोखंडवाल्याची पोरगी शोभतं खरी! अवं, दुकानच घेऊन आली काय संगं?"

ही टोपली आधी लांब, बांधावरच्या निंबाला अडकवलेली असायची. एकदा माकडाने तीतून मित्राताईच्या स्कूटीची किल्ली उचलली, फांदीवर बसून चावून पाहिली आणि विहिरीत टाकली. त्या दिवशी ती अमरावतीपर्यंत गाडी ढकलत आली असं ती सांगायची. खरं म्हणजे वलगावपर्यंतच आली होती, पण गोष्ट तिची होती. तेव्हापासून तीही आमच्यासारखी बसनेच येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी तिने टोपली आणून खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला, वळचणीखाली, लाकडी खुंटीवर टांगली. डोळ्यांसमोर राहील, सावलीत राहील, माकड येणार नाही. आमच्या गाइड सरांनीही मान डोलावली. आम्ही सगळे शिस्तीचे, अंगावरचं सगळं लोखंड काढून त्या टोपलीत ठेवायचो आणि मोकळ्या अंगाने आत जायचो.

मित्राताईला सापडलं होतं ते असं. सूर्य शांत असलेल्या दिवसांची सरासरी काढली की सकाळी उशिरा, दुपार व्हायच्या आधी, रेघ जराशी वर उचलली जायची. मऊसा उठाव. वादळी दिवसांत तो नसायचा. दुसऱ्या कुठल्या केंद्राच्या नोंदीत नव्हता, फक्त आमच्या वऱ्हाडात. तिने त्याला खूप कारणं लावून पाहिली. हवामान, ऋतू, चंद्राची ओढ, काहीही बसेना. मग तिने वरच्या थरात वाहणाऱ्या एका वेगळ्या, स्थानिक प्रवाहाची कल्पना मांडली आणि ती गणितात बसली. सर बेहद्द खूश. पेपर स्वीकारला गेला. थिसिसचा कणा तोच. अकोल्याच्या एका कॉलेजात कायमची जागा निघणार होती, पदवी हातात असली की ती जागा तिचीच, असं सगळे धरून चालले होते. तिची आई तर फोनवर मलाही विचारायची, "तुमच्या मित्राताईचं कधी होते वं? पोरगी घरी येईन मंग."

आणि लॉकडाऊन लागला. मी दर्यापूरला अडकले, ती अकोल्याला. खोलीतलं यंत्र मात्र सौर पॅनेलवर चालूच होतं आणि आकडे मोबाइलच्या जाळ्यातून येत होते. सूर्यही त्या काळात अगदी थंड पडलेला. म्हणजे उठाव रोज दिसायला हवा होता. तो दिसेना. महिनाभराची सरासरी काढली तरी सपाट. सर फोनवर जवळजवळ ओरडले, "अगं, हा दुसरा पेपर आहे! विमानं बंद, कारखाने बंद, आणि वरचा प्रवाहच थांबला!" आम्ही सगळे हरखलो. एक तीच हरखली नाही. मला दिवसातून चार वेळा फोन करायची. घराच्या छोट्या गच्चीवर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत असायची, चपलांचा आवाज मला इकडे यायचा. "शाहीन, कारखाने बंद झाले म्हणून वरचं थांबन काय वं? मले पटून नाई राहिलं. मले काही तरी दिसून राहिलं, पण ते मले पाहाचं नाई..."

रस्ते उघडले त्याच दिवशी ती अकोल्याहून निघाली. मीही दर्यापूरहून वलगावला उतरले. खोलीभोवती गवत माजलं होतं. तिने सवयीने किल्ल्या काढल्या, फोन काढला, चाप काढला, टोपलीत टाकला. मग हात तसाच टोपलीवर ठेवून ती उभी राहिली. इतका वेळ एका जागी उभी राहिलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. "यंत्राचा खांब कोणत्या भिंतीले लागून हाय?" तिने विचारलं. मी म्हणाले, "ह्याच." तिने टोपली खुंटीवरून काढली, बांधावर नेऊन ठेवली. लॅपटॉपवर रेघ पाहायला मला बसवलं आणि स्वतः टोपली घेऊन आली, गेली, परत आली. टोपली भिंतीला लागली की रेघ पटकन वर चढायची. नेली की खाली. आम्ही आत लोखंड जाऊ नये म्हणून इतके जपत होतो, आणि ते सगळं गोळा करून यंत्रापासून हातभर अंतरावर, विटांच्या पलीकडे, टांगून ठेवत होतो! आणि शांत दिवसच का? कारण सूर्य बिघडलेला असताना यंत्राला धक्का नको म्हणून आम्ही तिकडे फिरकतच नव्हतो. सकाळी उशिराच का? कारण आमची बसच त्या वेळेला पोचायची. एकेका दिवशी ती सरळसोट पायरी असायची. पण आम्ही आकडे येताच त्यांची सरासरी करायचो, त्यात पायऱ्यांच्या कडा झिजून मऊ उठाव व्हायचा. वरचा प्रवाह नव्हताच. तो उठाव म्हणजे मित्राताईच्या किल्ल्या, माझ्या पिना आणि आमचे फोन होते.

मी लॅपटॉप मिटला. ती हसायला लागली, मग तिचं हसणं भलतीकडेच गेलं. "तुह्या अब्बाच्या दुकानावर पेपर लिहिला वं मी," ती डोळे पुसत म्हणाली.

सरांच्या खोलीत तिने मलाही सोबत नेलं. सर वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, पेपरवेट फिरवत बसले, आणि हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. सबमिशन तोंडावर आहे, तिकडे अकोल्याची जागा आहे. आधी पदवी घे, मग हवं तर दुरुस्तीचं टिपण लिहू. परीक्षकांना काही टोपली दिसणार नाही." ती खिडकीपाशी उभी होती, टाच हलत होती. "मले दिसन ना, सर," एवढंच ती बोलली. मग सरांनी चष्मा काढला आणि पेपर मागे घेण्याचं पत्र लिहायला सांगितलं.

मी तिच्यावर भयंकर चिडले होते. बाहेर पडताच भांडले. काय गरज होती? कोण तपासणार होतं? आईला काय सांगणार? ती भराभर पुढे चालत होती आणि मी मागून बोलत होते. "आईले सांगीन, थोडे दिवस अजून लागतीन," ती म्हणाली. तिने तसंच सांगितलं. अकोल्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याच गावात ती तासिका तत्त्वावर शिकवू लागली, आठवडाभर वर्ग, सुट्टीच्या दिवशी वलगाव. अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात, डांबर पायाला चिकटतं अशा दुपारी, ती बस बदलत यायची. सूर्य पुन्हा तापू लागला तसा तिने सौर वादळांवर नवा थिसिस बांधायला घेतला. त्यात थोर काही नव्हतं, ती स्वतःच म्हणायची, "आता माह्या थिसिसमंदी काहीच नवीन नाई. पण जे हाय ते हाय." खूप उशिरा, गेल्या साली, पदवी झाली. पेढे वाटताना गल्लीतल्या एका बाईने विचारलंच, "मंग आता चंद्रावर जातं काय?" ती न चिडता म्हणाली, "जातो ना मावशी, बस भेटली की."

टोपली तिने परत निंबावर नेली. माकडं आली तरी चालतील, म्हणाली. आणि नव्या पोरांसमोरचं तिचं जुनं भाषणही बदललं. तारे, आकडे, पत्रिका, वायरी, सगळं तसंच. फक्त शेवट बदलला. "एक दिवस तुमाले काही तरी सापडन. नाचा, पेढे खा. पण त्याच्या आधी एक पाहा, ते सापडलं तवा तुमी स्वतः कुठं उभे व्हते." पोरं हसायची. माझा स्वतःचा थिसिस सध्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि मी त्यातली प्रत्येक रेघ उकरून पाहते, झोप येत नाही, सर म्हणतात आता पुरे. पुरे कसं होणार? तिने कुणाला निवांत बसू दिलं असतं तर ना.

पुण्यानुमोदनाला मी अकोल्याला गेले. छोट्या बैठकीत तिचा फोटो, पांढरी फुलं, भन्तेजींच्या आवाजात सावकाश पुढे सरकणारं पठण. सगळे गेल्यावर आईंनी मला आत बोलावलं. दाराच्या आत, चपला काढतात तिथे, भिंतीला एक छोटी बांबूची टोपली होती. घरी येतानाही मित्राताई किल्ल्या, चाप, घड्याळ त्यात काढून ठेवायची, म्हणजे आत काही मशीन नसतानाही. आईंनी ती तशीच ठेवली होती. "शाहीन, एक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "इतके वर्षं माही पोरगी त्या वलगावले गेली. तिनं तठी काय शोधलं व्हतं वं? मले कोणी समजावूनच नाई सांगितलं. ते म्हणे, आई, तुले नाई समजणार." काय सांगू? तिने शोधलं ते खोटं निघालं, आणि ते खोटं आहे हेही तिनेच शोधलं, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगू... पाणी पिऊन मी उठले.

अमरावतीला येईपर्यंत जिवाची नुसती तगमग झाली. दुसऱ्या दिवशी मी विभागातल्या संगणकावर जुन्या नोंदी उघडल्या. 'वापरू नये' असं लिहून बाजूला टाकलेल्या फायली. सरासरी न काढलेल्या, एकेका दिवसाच्या कच्च्या रेघा. मी आजवर त्या चूक म्हणूनच पाहिल्या होत्या. त्या दिवशी, नोंदवहीवरून मित्राताई एकटीच गेल्याचे दिवस काढून, पहिल्यांदाच नीट पाहिल्या. सपाट रेघ चाललेली असते आणि एका जागी ती पटकन वर चढते. तिथे मित्राताई वलगावच्या रस्त्यावरून चालत येऊन भिंतीपाशी पोचली आहे, किल्ल्या टोपलीत पडल्या आहेत. मग रेघ वरच राहते, ती आत आहे. मधेच छोटीशी खोच दिसते, मला माहीत आहे ती कशाची, ती फोन काढून आईशी बोलायला बांधावर जायची. मग रेघ खाली येते. ती निघाली. फाइलमागून फाइल, दिवसामागून दिवस. विज्ञानाला या नोंदींचा काडीचा उपयोग नाही. मी मात्र खुर्चीवर बसून रडले, मोठ्याने, कुणी ऐकलं असेल तर ऐको.

त्यातले काही दिवस मी छापून घेतले आणि येत्या सुट्टीची वाट न पाहता अकोल्याची बस धरली. आईंच्या घरी दारातल्या टोपलीत पिना काढून ठेवल्या, आपोआपच. चटईवर कागद पसरला. "आई, तुम्ही इचारलं ना, त्या मशीननं काय पाह्यलं व्हतं? हे पाहा. ह्या सरळ रेघीत कोणी नाई. इथं वर चढली ना, इथं ताई आली. इथं ते बाहेर आली, तुमच्याशी फोनवर बोलाले. इथं परत आत गेली. अन् इथं खाली उतरली रेघ, तवा ते घरी निघाली."

आईंनी चष्मा लावला. वर चढलेल्या जागी बोट ठेवलं आणि रेघेवरून सावकाश, एकदाही न उचलता, पुढे नेलं. रेघ खाली उतरते त्याच्या जरा अलीकडे त्यांनी बोट थांबवलं.

"इथपर्यंत तं हाय ना मंग ते," त्या म्हणाल्या. बोट त्यांनी तिथून हलवलं नाही.